टाचणीभर सरकलेला दगड

मी एक दगड बोलतोय. पत्ता तेवढा लांबचा: मंगळ आणि गुरू यांच्या मधला पट्टा. एका मोठ्या खडकाची कधीतरी टक्कर झाली, त्यातला मी उरलेला तुकडा. दुखलं का, ते आठवत नाही. चित्रांत आम्हा लघुग्रहांची नुसती दाटी दाखवतात. खरं तर वाटीभर साखर मागावी एवढ्या अंतरावर मला कोणी शेजारी नाही. म्हणून तर तुमच्या घरांत डोकावायची खोड लागली.

एका घड्याळजींनी मला गच्चीवरच्या दुर्बिणीतून शोधलं. मला काही वाटलं नाही. आधी नुसता आकडा मिळाला. बऱ्याच वर्षांनी त्यांना कळवलं गेलं, की शोध तुमचा, नाव तुम्हीच सुचवा, पण मुदतीत. तोवर त्यांची नजर पार अधू झाली होती, दुकानही बंद झालं होतं. आणि हट्ट असा, की एकदा पुन्हा बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही. रोज संध्याकाळी जिना चढायचे, दुर्बिणीला डोळा लावायचे, काही न दिसता खाली यायचे. मुदत संपत आली.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरी शिवणकाम करायच्या. माझी सवत गच्चीवर राहते, असं शेजारणींना सांगायच्या. दुर्बिणीला कधी डोळा लावला नव्हता. एका संध्याकाळी त्याच मागोमाग वर गेल्या.

"इतके ठिपके. यातला तुमचा कोणता?"

घड्याळजींनी समजावलं, की तारे आपसांतल्या जागा सोडत नाहीत, तो सोडतो. आज बघ आणि उद्या बघ.

वहिनींनी जाड कापडाचा तुकडा घेतला आणि दिसला ठिपका की टोच टाचणी, असं आभाळ टाचून ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा ताडून पाहिलं. सगळं जागच्या जागी. फक्त एका टाचणीचा ठिपका जरा बाजूला गेलेला. तिथं त्यांनी नवी टाचणी टोचली, नवऱ्याचं बोट धरलं आणि जुनीवरून नवीवर नेलं.

"इथून इथं?"

"हो. एवढाच."

घड्याळजी बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "नाव तुझंच देतो."

"दगडाला कशाला? घरात मी एक पुरे नाही का?"

अर्ज मात्र वहिनींनीच लिहिला, मुदतीच्या आत. मला त्यांचं नाव लागलं. जड नाही झालो, हलकाही नाही.

आता घड्याळजींच्यानं जिना चढवत नाही. दुर्बिणीवर जुनी चादर आहे. कापडाचा तुकडा त्यांच्या उशाशी असतो. परवा गिऱ्हाइकाच्या झग्याला टाचण्या कमी पडल्या, तेव्हा वहिनींनी कडेचे दोन-चार तारे काढून घेतले. काम थोडंच थांबतं?

तुम्ही वर बघाल तर मी नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, मलाही वाटत नाही. मी आपला फिरतोय. फक्त वहिनी, मधल्या त्या दोन टाचण्यांना एवढ्यात हात लावू नका. त्यांचं बोट अजून तिथं जातं.