रंगारणींच्या अंगणातला बटनांचा फोन

मी एक जुना बटनांचा फोन आहे, आणि मित्रांनो, हे सांगताना माझी मान जराही खाली जात नाही. माझा पडदा आगपेटीएवढा आहे. मला फोटो काढता येत नाहीत, रस्ता दाखवता येत नाही, आणि गाणं लावलं तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. माझ्या पाचाच्या बटनावरचा पाच तर कधीच झिजून गेला. पण वाळवंटाकाठच्या नुआक्शोत शहराच्या एल मीना वस्तीत जा आणि रंगारणींच्या अंगणात विचारा, की तुमच्यात सगळ्यात भरवशाचं कोण. त्या माझंच नाव घेतील.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला विशेष आठवत नाही. एक पांढरा दिवा आठवतो आणि माझी बटनं दाबून पाहणारी लोखंडी बोटं आठवतात. मग खोकं, मग जहाज. समुद्र मी पाहिला नाही, नुसता ऐकला. खोकं उघडलं ते फोनबाजारातल्या एका टपरीवर, आणि पहिल्याच दिवशी माझ्या फटींमध्ये वाळू शिरली. ती अजून पुरती निघालेली नाही.

तिथे मला तेकबरने घेतलं. तेकबर मलहफे विकते. मलहफा म्हणजे आमच्याकडच्या बायका डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळतात ते लांबलचक रंगीत कापड. तिने मला उलटंपालटं करून पाहिलं, भावावरून दुकानदाराला घाम फोडला, आणि मग म्हणाली, आधी बोलून बघते. तिने वाळवंटात राहणाऱ्या आपल्या आईला फोन लावला. आमच्या माणसांत कामाचं बोलणं आधी निघत नाही. तू बरी ना, घर बरं ना, माणसं बरी ना, शेळ्या काय म्हणतात, ऊन काय म्हणतं, झोप लागते का, थकवा उतरला का. आणि प्रत्येक उत्तरासोबत तोच प्रश्न उलट यायचा. दुकानदार पायावर पाय बदलत उभा होता.

"बाई, फोन घ्यायचाय की आईला भेटून यायचंय?" त्याने शेवटी विचारलं.

"आईला भेटता आलं तरच घेणार," तेकबर म्हणाली, आणि तिने मला घेतलं.

त्यानंतरची वर्षं माझ्या कर्तबगारीची. तेकबरच्या अंगणात बायका कापडाला बारीक गाठी मारत, मग ते रंगाच्या पिंपात बुडवत. गाठी सुटल्या की कापडावर चांदण्या उमटत. मलहफ्यांच्या मागण्या माझ्यातूनच येत. मला कोणीही उचले, त्यामुळे माझ्या अंगावर कधी निळे, कधी केशरी डाग असत. एकदा तर मी निळ्या रंगाच्या पिंपातच पडलो. सगळ्यांनी माझी आशा सोडली. मबारकाने मात्र मला बाहेर काढून, पुसून रव्याच्या भांड्यात पुरून ठेवलं, आणि रवा निळा झाल्यावर मी बोलू लागलो. ही मबारका अंगणातली सगळ्यात तरबेज रंगारीण. तिच्या हाताची निळाई दुसऱ्या कोणाला साधत नाही.

अंगणातल्या बायकांची भिशी होती आणि ती तेकबरकडे जमायची. पूर्वी ते पैसे चहाच्या डब्यात असत. मग फोनवरून पैसे पाठवण्याची सोय आली आणि तिच्यापाठोपाठ तेकबरकडे काचेचा मोठा फोन आला. कानामागून आला आणि तिखट झाला! तेकबर त्याच्याकडे पाही, त्याला पुसे, त्याला उशाशी घेई. मला तिने चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. पुदिन्याच्या वाळक्या पानांत मी किती दिवस पडून होतो, ते मला सांगवत नाही. मला फार वाईट वाटलं. कोणी रागावलं तर परवडतं, पण विसरलेलं सोसत नाही.

माझे दिवस पालटले ते दुसऱ्याच्या नुकसानीमुळे. शेजारच्या कापडवाल्याचा फोन बाजारात कोणीतरी हातातून हिसकावला. पैशाचं ॲप त्यातच, आणि खात्री करणारे आकडे येतात ते सिमकार्डही त्यातच. दुपारची नमाज होईपर्यंत चोराने त्याचं खातं धुऊन नेलं. तेकबरने हे ऐकलं आणि तडक डबा उघडला.

"कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगायची नाही," ती म्हणाली. तिने खात्याचं सिमकार्ड माझ्यात घातलं. काचेचा फोन तिच्याबरोबर बाजारात हिंडायचा. मी अंगणात, तिच्या चटईजवळ, चामडी पिशवीत. मोठी रक्कम पाठवायची किंवा नवीन फोनवर तिचं खातं उघडायचं, तर खात्री करणारे आकडे माझ्याकडेच येणार. म्हणजे बघा, तो मिरवायचा, पण किल्ली माझ्याकडे होती.

आता मी तुम्हाला ज्या दिवसाची गोष्ट सांगणार आहे, त्या वेळी भिशीची पाळी मबारकाची होती. तिला स्वतःची जागा घ्यायची होती. समुद्राच्या वाटेवर एक पत्र्याची शेड, तिथे पाण्याची टाकी, म्हणजे दुसऱ्याच्या पिंपात रंग कालवायला नको. मालकाने शुक्रवारपर्यंत वाट पाहीन, मग दुसऱ्याला देईन, असं साफ सांगितलं होतं. मबारकाची भिशी आणि इतकी वर्षं तिने तेकबरकडे साठवलेलं सगळं, तेकबरच्या खात्यात तयार होतं.

बुधवारी सकाळी चहाचा दुसरा पेला फिरत असताना मी वाजलो. तेकबरच्या हातात पेला होता, म्हणून पडद्यावरचा नंबर न बघताच तिने नेहमीसारखा माझा आवाज मोठा केला. पलीकडून एक गोड पुरुषी आवाज आला. तो म्हणाला, मी नुआदिबूहून तुझा भाचा इसल्मू. मलहफ्यांचे राहिलेले पैसे पाठवतोय, पण ते वाटेत अडकलेत. तुझ्याकडे आकडे येतील, ते वाचून दाखव, की पैसे आत येतील. फोन ठेवू नको.

तेवढ्यात माझ्यात मेसेज आला. मित्रांनो, तो मेसेज मी अक्षरशः पोटात धरला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे आकडे कोणालाही सांगू नका. मला ओरडावंसं वाटलं. पण मला वाजता येतं, थरथरता येतं, ओरडता येत नाही.

नुआदिबू शहरात तिचे मलहफे विकणारा भाचा म्हटल्यावर तेकबरचा चेहरा उजळला. तिने चष्मा लावला, मेसेज उघडला, आणि सवयीने विचारपूसही चालू केली. "बरा आहेस ना रे? घर बरं? आई बरी? तिथला वारा काय म्हणतो?"

"सगळं बरं आहे मावशी. आकडे सांग."

तिने पहिला आकडा सांगितला. दुसरा सांगितला. "मुलांना खोकला होता ना? थकवा कसा आहे तुझा?"

"बरं आहे, बरं आहे. पुढचा?"

तिने तिसरा सांगितला आणि ती थांबली. मबारका पिंपापाशी उभी होती, कोपरापर्यंत निळी. तिनेही मान वर केली. अंगणात सगळ्यांनाच काहीतरी खटकलं होतं.

"इसल्मू," तेकबर म्हणाली, "तू मला उलट काहीच विचारलं नाहीस."

"मावशी, वेळ नाही. पैसे परत जातील."

"जाऊ देत. पैशांना घाई असेल, विचारपुशीला नसते. माझ्या बापाचा उंट चोरीला गेला होता. सांगायला आलेल्या माणसाला त्याने आधी घरचं कुशल विचारलं, मग बंदूक उचलली. तू आधी मला विचार, मी बरी आहे का."

पलीकडचा आवाज बदलला. गोडवा गेला. खातं कायमचं बंद पडेल, म्हातारे, मग बसशील रडत, असं काहीतरी तो बोलू लागला. तेकबरने माझं लाल बटन दाबलं. इतकं जोरात ते कोणी कधी दाबलं नव्हतं, पण मला ते लागलं नाही. उलट बरंच वाटलं.

तरी तिला धीर नव्हता. खरोखरच इसल्मू असेल तर बहिणीकडे तोंड कसं दाखवायचं? झैनबू नावाची एक बाई बोललीसुद्धा, की सख्ख्या भाच्याला असं तोडून टाकलंस, शोभतं का. तेकबरने माझ्यात साठवलेला इसल्मूचा नंबर लावला. त्याने उचलला, आणि मग काय सांगू! मावशी बरी आहेस, गुडघा काय म्हणतो, अंगणातल्या सगळ्या बऱ्या, मबारका बरी, ऊन सोसतं का. तेकबरच्या डोळ्यांत पाणी आलं. पैशांचं विचारायला बराच वेळ लागला. अर्थात, त्याने फोन केलेलाच नव्हता.

मबारका पिंपाच्या कडेवर बसली. तिच्या हातांवरून रंग ठिबकत होता. "दोन आकडे सांगितलेस तू त्याला," ती हळूच म्हणाली.

"तीन," तेकबर म्हणाली.

चहा गार झाला. शेड, टाकी, इतक्या वर्षांची निळाई, सगळं उरलेल्या आकड्यांवर टिकलं होतं, हे त्या दोघींना कळलं होतं आणि मलाही.

मग चर्चा सुरू झाली, की त्या भामट्याला इसल्मूचं नाव कळलं कसं. कळायला काय लागतं? आमच्या अंगणात सगळं मोठ्या आवाजात चालतं. कोण कुठे आहे, कोणाचे किती यायचे, हे रस्त्यावरच्या गाढवालाही ठाऊक. तेकबरच्या खात्याचा गुप्त आकडा तर झैनबू कापड पिळताना ठेक्यात म्हणायची. आपल्यात कसली चोरी, असं आमच्याकडे मानतात. मैत्रिणीपासून लपवणं म्हणजे तिचा अपमान.

तेकबरने त्याच दिवशी आकडा बदलला, आणि बदलताना पहिल्यांदाच बायकांकडे पाठ केली. झैनबूचा चेहरा पडला.

"म्हणजे आता आम्ही चोर झालो," ती म्हणाली.

"चोर नाहीस म्हणूनच लपवते," तेकबर म्हणाली. "उद्या पैसे गेले, तर ज्यांना आकडा माहीत आहे त्यांच्यावर पहिला संशय येईल. माझ्या मनातही येईल, मी काही पीर नाही. तुझ्याबद्दल तसं मनात आलेलं मला चालणार नाही."

झैनबू बराच वेळ गाठी मारत राहिली. मग तिने तेकबरच्या पेल्यात गरम चहा ओतला, म्हणजे तिला ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेकबर म्हणाली, मी थेट शेडच्या मालकाला पैसे पाठवते. मबारकाने नकारार्थी मान हलवली. तिच्या आईची कमाई जन्मभर दुसऱ्यांच्या पेटीत राहिली होती. तिची स्वतःचीही आजवर दुसऱ्याच्या नावावरच होती, आणि तेकबर कितीही चांगली असली तरी ती दुसरीच.

"रागावू नकोस," मबारका म्हणाली. "पण ते माझ्या नावावरून जाऊ देत."

तेकबर रागावली नाही. ती मबारकाला घेऊन पैशांच्या सेवेच्या दुकानात गेली, मबारकाचं ओळखपत्र दाखवून तिच्या नावाचं खातं उघडलं, तिच्या नावाचं सिमकार्ड घेतलं. परत आल्यावर तिने माझ्यातलं आपलं सिमकार्ड काढून मबारकाचं घातलं, मला मलहफ्याच्या टोकाने पुसलं आणि मबारकाच्या हातात ठेवलं. स्वतःसाठी तिने माझ्याच जातीचा दुसरा फोन आणला होता. तिला सोडणं मला जड गेलं, हे मी लपवत नाही. पण ज्या हातांनी मला रंगाच्या पिंपातून वर काढलं होतं, त्याच हातांत मी जात होतो.

आता मबारकाला आपला गुप्त आकडा ठरवायचा होता. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे येतात. ती चटईवर बसली आणि मला मांडीवर घेतलं. तेवढ्यात तेकबर उठली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. तिच्यामागून दुसरी उठली, तिसरी उठली. अंगणातल्या सगळ्या बायका हातातलं कापड तसंच धरून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. झैनबूने तर बटनांचा आवाजही नको म्हणून कानांवर हात ठेवले. आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागे मबारकाने निळ्या अंगठ्याने, एकेक बटन शोधत, आयुष्यात पहिल्यांदा फक्त स्वतःचा असा आकडा लिहिला.

शुक्रवारी पैसे तेकबरच्या खात्यातून मबारकाच्या खात्यात आणि तिथून मालकाला गेले. शेडच्या पत्र्यावर आता निळे डाग आहेत, आणि मी तिथे एका खिळ्याला, पिशवीत टांगलेला असतो.

मित्रांनो, घाई करणाऱ्याला थांबवायला लाजू नका, आणि आलेल्या फोनवरच खात्री करून घेऊ नका. आपल्या माणसाला आपण स्वतः फोन लावा. आपले आकडे आपल्यापाशी ठेवा. आणि कोणी आकडे टाकत असेल, तर तुम्ही पाठ करून उभे राहा. ती मोठी मायेची गोष्ट आहे, मी पाहिली आहे.

मबारकाचा तो आकडा जगात दोघांनाच ठाऊक आहे. एक ती आणि एक मी. तुम्हाला मी माझी सगळी गोष्ट सांगितली. तो मात्र सांगणार नाही.