चंबूच्या तळाची कांडी

मी चंबूच्या तळाशी गरगरणारी कांडी बोलतेय. बोटाच्या पेराएवढी माझी लांबी. आत लोहचुंबक, वरून टेफ्लॉनचं पांढरं आवरण. खालचं यंत्र सुरू झालं की मी फिरते आणि चंबूतलं रसायन ढवळते. जन्मभर फिरले, पण ॲडलेडच्या त्या प्रयोगशाळेबाहेर कधी गेले नाही.

माझी मालकीण प्राध्यापक मेरिन ट्रेगेन्झा. तिचे आजे-पणजे तांब्याच्या खाणीत राबलेले. धातूचं वेड रक्तातच. पॅलेडियम हा धातू उत्प्रेरक म्हणून वापरून सेंद्रिय संयुगं जोडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. माणसं कांड्या कचऱ्यात ओतून देतात आणि मग शोधत बसतात. मला मात्र ती स्वतः धुवायची. "ही माझ्या हाताला यश देते," म्हणायची. अंगावर चरे पडले, त्यांत काळे डाग बसले, तरी तिने मला टाकलं नाही.

निवृत्ती जवळ आली तेव्हा तिने मोठाच शोध लावला. तीच जोडणी, पण कुठल्याही धातूशिवाय! शोधनिबंध छापला, वाहवा झाली. निरोपाच्या समारंभात त्यावरच तिचं व्याख्यान ठरलं.

एका दुपारी तिची जुनी सहकारी व्हूला करंजीसारखी पास्टी खाता खाता म्हणाली, "मेरिन, तुझा प्रयोग माझ्याकडे होतच नाही गं."

"तुला कॉफी तरी कुठे धड जमते!"

व्हूला हसली नाही. "एकदा नवी कांडी घालून बघ."

मेरिनने कोरी कांडी घातली. संध्याकाळपर्यंत चंबूत काहीच घडलं नाही. मग तिने मला घातलं आणि जोडणी झाली. धातू होता तर! तिच्याच जुन्या प्रयोगांतला, माझ्या चऱ्यांत दडलेला. तिने मला बाहेर काढून माझे काळे डाग निरखले. मला तिची फार दया आली.

"समारंभ होऊ दे, मग सांग," व्हूला हळूच म्हणाली.

"नको. तोवर कुणीतरी यावर आपलं आयुष्य लावून बसेल."

निरोपाच्या व्याख्यानातच, भर सभागृहात तिने मला चिमट्यात धरून वर उचललं. "माझा शोध खोटा ठरला. धातू इथे आहे. मी निबंध मागे घेतेय." टाळ्या वाजवत पहिली उभी राहिली ती व्हूला.

आता मी प्रयोगशाळेच्या फळीवर एका छोट्या बाटलीत असते. मेरिन घरी गेली. जाताना तिने मला पहिल्यांदाच धुतलं नाही. नव्या संशोधकांनो, तुम्हीही मला घासूनपुसून पांढरी करू नका. प्रयोग फार सहज साधला, तर आनंदाने ओरडण्याआधी एकदा माझ्याकडे बघा.