घमेल्यातला शाप

आमच्या गावच्या, तोलक्याच्या, गुरुवारच्या बाजारात त्या दिवशी रताळी, लोणी, मिरच्या सगळं जिथल्या तिथं पडलं होतं आणि विकणाऱ्या बाया माल टाकून निलगिरीच्या झाडांखाली धावल्या होत्या. तिथं दीडदोनशे माणसं गोल करून उभी होती. मधोमध पांढऱ्या एनॅमलचं घमेलं, त्यात चहाच्या रंगाचं पाणी, आणि मागे स्टुलावर अब्बा गेताहुन. अंगावर पिवळी शाल, हातात घोड्याच्या शेपटीची चवरी. तो कुठून आला हे कुणाला ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांत त्याला अब्बा म्हणायला मात्र सगळे शिकले होते.

"कुणाच्या आजोबानं सापावर पाय दिला होता?" तो ओरडला. "कुणी कबूल करणार नाही! तोंड खोटं बोलतं, बाबांनो, पण पाय खोटं बोलत नाही. पाय सुजतो, पायाला गाठी येतात, पायाला वास येतो. का? आत साप आहे! हे सात झऱ्यांचं पाणी त्याला बाहेर काढतं. बघा! लांबून बघा, अंगावर उडेल!"

समोरच्या म्हाताऱ्याचा पाय गुडघ्याखाली केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेटच्या खोडाएवढा झाला होता. अब्बाने कमरेच्या तुंब्यातलं पाणी त्या पायावर शिंपडलं, काहीतरी पुटपुटला आणि पाय घमेल्यात बुडवायला लावला.

बोटांमधून काळे धागे निघाले. धुरासारखे वळत ते पाण्यात पसरले आणि बघता बघता सगळं घमेलं शाईसारखं काळं झालं. लोक एकदम मागे सरले. एक बाई रडायला लागली.

मीही ते पाहिलं. सोडो शहरातल्या रेडिओसाठी वीस वर्षं बातम्या दिल्या आहेत. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं त्या कामाने शिकवलं. पण हे ऐकीव नव्हतं. घमेलं माझ्यापासून पाच हातांवर होतं.

अब्बाने नवं पाणी ओतलं. "पुढचा कोण?"

पुढे माझी थोरली बहीण अस्कले आली आणि तिच्या हाताला धरून ओढत आणलेली तिची मुलगी तारिक्वा.

तारिक्वा सतरा वर्षांची. उजवं पाऊल संध्याकाळी सुजायचं, सकाळी उतरायचं. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या, टाचेवरची कातडी जाड होत चालली होती. वर्षभर तिने ते लपवलं होतं. आमच्याकडे अशा पायाच्या घरात कुणी मुलगी देत नाही आणि घरातली मुलगी करत नाही.

तुंब्यातलं पाणी पायावर पडलं तशी ती "स्स" करून शहारली. पाऊल घमेल्यात गेलं. काळे धागे निघाले.

"कोवळा आहे," अब्बा वाकून म्हणाला. "पिल्लू आहे. पण चढतंय. सोमवारच्या बाजारात घेऊन ये. नडगीवर तीन चिरा देईन, पिल्लू बाहेर. सोमवार चुकला तर काळं छातीत शिरेल. आणि ऐक बाई, तोवर पायाला साबण लावायचा नाही, बूट घालायचे नाहीत. साबणाने साप बिळात पळतो."

स्टुलाच्या कडेवर वस्तरा उघडाच पडला होता. त्याच्या पात्याला गंज होता. तारिक्वाची नजर त्यावरून हलेना.

घरी आल्यावर तिने मला बाजूला ओढलं. मग म्हणाली, "मामा, अंजुलोकाकांना गेल्या सोमवारी कापलं ना? त्यांना बघून ये. मला खरं सांग."

अंजुलो विणकर शेजारच्याच वाडीत राहायचा. दारातच वास आला. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, पायावर कसलासा पाला बांधलेला, मांडीपर्यंत लाल रेघा गेलेल्या. अंग भट्टीसारखं तापलेलं. त्याची बायको मला म्हणाली, "काळं उतरतंय, भाऊ. अब्बा म्हणाले, उतरताना ताप येतो."

"माग कुणी चालवायचा गं आता?" अंजुलो भिंतीलाच विचारत होता.

मी तिथून थेट आरोग्य केंद्रात गेलो. सिस्टर वोर्कनेशने ऐकून घेतलं आणि लगेच स्ट्रेचर काढलं. अंजुलोला शहरात पाठवल्यावर ती आमच्या घरी आली, तारिक्वासमोर जमिनीवर बसली आणि तिचं पाऊल सरळ मांडीवर घेतलं. तारिक्वाने ते मागे ओढलं. कुणी हात लावेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"हा शाप नाही आणि संसर्गही नाही," वोर्कनेश म्हणाली. "आपली लाल माती आहे ही. मातीतले अगदी बारीक कण अनवाणी पायाच्या कातडीतून आत जातात. वर्षानुवर्षं. आतल्या बारीक नळ्या सुजतात, पाणी तुंबतं. काही घराण्यांच्या कातडीला जास्त बाधतं, म्हणून आजोबांपासून आलंय असं वाटतं. हिचं आत्ताच सुरू झालंय. रोज साबणाने धुवायचं, बेचक्या कोरड्या करायच्या, मलम लावायचं, पट्टी बांधायची, पाय उंचावर ठेवायचा आणि मोजे-बुटांशिवाय उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. सूज उतरेल."

"आणि पाणी काळं झालं ते?" अस्कलेने विचारलं.

वोर्कनेशने तारिक्वाचं पाऊल हळूच खाली ठेवलं.

"मी डोळ्यांनी पाहिलंय, सिस्टर. तुमच्या मातीचे कण मला दिसले नाहीत. ते काळं दिसलं."

"ते कसं झालं, मला माहीत नाही," वोर्कनेश म्हणाली. "माहीत नाही म्हणजे साप, असं मात्र होत नाही."

"तुमचं शिक्षण तुमच्यापाशी. माझी पोर मेली तर तुम्ही येणार आहात का रडायला?"

तारिक्वा हळूच म्हणाली, "म्हणजे सोमवारी मला कापणारच."

अस्कले चुलीकडे वळली. तिचा घागरा नेहमीसारखा जमिनीवर लोळत होता.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. तारिक्वा जेवेना. मध्येच छातीवर हात ठेवून बसायची. "चढतंय का गं?" अस्कले विचारायची आणि पोर आणखी पांढरी पडायची.

रविवारी दुपारी परसात एन्सेट खरवडायचं काम निघालं. आमची भाकरी या झाडातून येते. त्याच्या खोडाचे सोप, म्हणजे एकेक थर, उभ्या फळीवर टेकवायचे, बांबूच्या धारदार पट्टीने त्यातला गर खरवडायचा आणि खड्ड्यात पुरून आंबवायचा. बोगालेचआजी, पलीकडच्या घरची, सत्तरी उलटलेली, या कामात सगळ्यांची मुकादम. तारिक्वाचं लक्ष नव्हतं. पट्टी सापडेना म्हणून तिने शेजारचा विळा उचलला आणि गरावर ओढला.

फाडकन तिच्या हातावर चापट बसली.

"डोळे फुटले का गं तुझे? एन्सेटला लोखंड लावतेस? काळं पडलं म्हणजे भाकरी कोण खाणार, तुझा नवरा?"

एरवी तारिक्वा हसली असती. या वेळी ती विळ्याने ओढलेल्या जागेकडे बघत राहिली. पांढऱ्या गरावर करडी रेघ उमटत होती.

"आजी," ती म्हणाली, "लोखंडाने काळं का पडतं?"

"पडतं. माझ्या आईच्या आईपासून पडतंय."

तारिक्वा उठली, घरात गेली आणि गुरुवारी नेसलेला पांढरा घागरा घेऊन आली. त्याच्या काठावर तुंब्यातल्या पाण्याचे शिंतोडे उडाले होते. तेव्हा दिसलेही नव्हते. आता वाळून त्यांचे तांबडे डाग झाले होते. अगदी खिळ्याच्या गंजासारखे. आणि दोन ठिकाणी, जिथे घमेल्यातलं पाणीही उडालं होतं, तिथे डाग काळे होते.

"मामा, त्याच्या तुंब्यातलं पाणी चिरांना झोंबलं होतं. लिंबासारखं. आणि घमेल्याला एक वास होता. कातड्यांचा."

आमच्यात कातडी कमावणाऱ्यांची घरं गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. त्यांच्या हातचं कुणी पीत नाही, त्यांच्या अंगणात कुणी जात नाही. चाळीस वर्षांत मीही गेलो नव्हतो. त्या दिवशी वोर्कनेशला घेऊन गेलो. गातिसो नावाचा माणूस खड्ड्यात बाभळीची साल कुटून टाकत होता. खड्ड्यातलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.

"अब्बाचं पाणी?" तो म्हणाला. "हेच की. दर बुधवारी येऊन दोन घडे नेतो. सात झऱ्यांचं वगैरे मला माहीत नाही, माझा तर एकच खड्डा आहे."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

गातिसोने हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं. "आम्हाला विचारायला कोण येतं इथं, साहेब?"

त्याने एक घडा भरून दिला. घरी वोर्कनेशने त्यातलं वाटीभर घेतलं. तारिक्वाने घागऱ्याच्या काठावरचा तांबडा डाग त्यात बुडवला. डाग काळा झाला. पण अस्कलेने मान हलवली.

"कपड्याला शाप लागला असेल. तिच्याच अंगावरचा आहे तो."

"मग ताई, उद्या सगळ्यांसमोर बघू," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी वोर्कनेशने स्वतः तारिक्वाचे पाय साबणाने धुतले, बेचक्यांतून मातीचा कण उरू दिला नाही. अस्कले तोंड झाकून कोपऱ्यात बसली होती. अब्बाने नको म्हटलेलं तिच्या घरात होत होतं.

सोमवारी गर्दी दुप्पट होती. अब्बाने वस्तरा शालीला पुसला.

"आली का पिल्लूवाली? ये. घाबरू नको, तीन चिरा."

"आधी पाण्यात पाय घालते," तारिक्वा म्हणाली. "तुंबा नको."

"तुंब्याशिवाय साप जागा होत नाही, पोरी!"

"मग झोपू दे त्याला," मागून बोगालेचआजी ओरडली. "झोपलेला साप कशाला उठवतोस, मेल्या?"

कुणीतरी हसलं. अब्बा वळून बघेपर्यंत तारिक्वाने पाऊल घमेल्यात टाकलं होतं. तिचे डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही मुठी आवळलेल्या. मी तिच्या खांद्याला धरलं. आमचं काही चुकलं असेल, पाणी काळं झालं, तर ही गर्दी तिला उचलून वस्तऱ्याखाली धरेल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"मामा," ती म्हणाली, "बघ ना. मला सांग."

पाणी चहासारखं होतं. तसंच राहिलं.

"उघड डोळे," मी म्हणालो.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. अब्बा उठून उभा राहिला. "साबण लावलाय हिने! साप आत पळाला! आता मरणार ही!"

अस्कलेच्या तोंडून किंकाळी निघाली. तेवढ्यात बोगालेचआजीने पदराआडून एन्सेट खरवडायची बांबूची पट्टी काढली, अब्बाच्या कमरेचा तुंबा हिसकावला, पट्टीवर भडाभडा ओतला आणि पट्टी घमेल्यात खुपसली.

बांबूमधून काळे धागे निघाले. धुरासारखे वळत ते पसरले आणि घमेलं शाईसारखं झालं.

पुढे उभे असलेले लोक वाकून पट्टीकडे बघायला लागले.

"अरे बापरे," आजी म्हणाली. "आता हिलाही काप बाबा. हिच्या आजोबानं कुठल्या सापावर पाय दिला, तेही सांग."

आधी एक हसला, मग दहा, मग सगळा बाजार. वोर्कनेशने हसणं ओसरू दिलं आणि मग मोठ्याने सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. घमेल्यात बाभळीच्या सालीचं पाणी आहे, ओढ्यापलीकडच्या खड्ड्यातलं. तुंब्यात लिंबाच्या रसात भिजवलेल्या गंजक्या खिळ्यांचं पाणी आहे. तुंबा उलटा केला तेव्हा चार खिळे खडखडत खाली पडले. सालीच्या रसाला लोखंड भेटलं की काळं होतं. एन्सेट खरवडणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. घरी ठाऊक होतं. इथं येताना आपण ते घरीच ठेवून आलो.

अब्बा स्टूल आणि वस्तरा तिथंच सोडून गर्दीतून निसटू पाहत होता. त्याला अंजुलोच्या भावांनी धरलं आणि चौकीवर नेलं.

लोक पांगायला लागले होते. अस्कले मात्र घमेल्यापाशीच उभी होती. तिने काळं पाणी मातीत ओतून दिलं, आम्ही आणलेल्या घड्यातलं ताजं पाणी घमेल्यात घेतलं. मग दोन्ही हातांनी घागरा गुडघ्यापर्यंत उचलला.

तिचा डावा पाय मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. घोट्याचा पत्ता नव्हता, बोटांवर शेवाळासारख्या गाठी होत्या. मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या लांब घागऱ्याबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

"आई," तारिक्वा म्हणाली. तिने पुढे होऊन आईचा हात धरला.

"तुला माझ्यामुळेच लागलं, असं वाटत होतं गं," अस्कले म्हणाली आणि पाय पाण्यात ठेवला.

आम्ही सगळे वाकून बघत होतो. पायावरची लाल माती सुटून तळाशी बसली, पाणी जरा गढूळ झालं. काळा धागा एकही नाही.

अंजुलो जगला. त्याचा पाय शहरातल्या डॉक्टरांना वाचवता आला नाही. हातमागाला दोन पाय लागतात, म्हणून त्याचा माग आता भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. तारिक्वाचं पाऊल पाच महिन्यांत उतरलं, ती बुटांशिवाय बाहेर पडत नाही. अस्कलेचा पाय पहिल्यासारखा होणार नाही. पण वास गेला, ताप गेला, घोटा पुन्हा दिसायला लागला. दर गुरुवारी आरोग्य केंद्रात पाय धुवायला वीसएक माणसं रांगेत बसतात. त्यांत लांब घागरेवाल्या पुष्कळ असतात.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी. तुमच्या बाजारातही कुणीतरी असंच घमेलं मांडून बसेल. पाणी काळं होईल, तेव्हा घाबरायला होईलच. मीही घाबरलो होतो. घाबरलात तरी हरकत नाही. फक्त पाय पुढे करण्याआधी पाण्यात काय आहे ते विचारा, आणि ज्यांच्या अंगणात आपण कधी जात नाही त्यांनाही विचारा. आणि घरात कुणी वर्षानुवर्षं पाय झाकून वावरत असेल, तर आजच विचारा: दाखव बघू, काय होतंय?