टोपीखालचा काटा

सावळीराम मिस्तरीला विमानाची भीती वाटायची. हसू नका. माणूस एकतीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता, वेगाचे अन् उंचीचे काटे बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि जमिनीपासून चार हात वर जायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. कारखान्यात हे कधी उघडं पडलं नाही. तिथं जोडणारे वेगळे, उडवणारे वेगळे. मिस्तरीनं सही करायची, जिवाशी खेळायचं ते पायलटनं, आणि संध्याकाळच्या बसनं मिस्तरी आपला घरी. त्याची बायको चांगुणा, तिला तर वाटायचं आपला नवरा अधूनमधून ढगातून चक्कर मारून येतो. यानंही ते कधी खोडून काढलं नाही. कोण खोडील हो?

रिटायर झाला तसा निवृत्तीशेठनं त्याला गाठलं. शेठचा दिंडोरी रस्त्याला ठिबकच्या नळ्यांचा कारखाना. पैसा आला, तसं खूळ आलं. लोक बंगले बांधतात, यानं मुंबईला जाऊन विमान चालवायचं लायसन काढलं आणि विमान शिकवणाऱ्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून दोन माणसांचं जुनं विमान ट्रकवर घालून आणलं. विमान कसलं, पत्र्याचा सांगाडा! पंख वेगळे, चाकं वेगळी, आतल्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या.

"मिस्तरी, हे उडालं पाहिजे," शेठ म्हणाले.

"उडंल की," सावळीराम म्हणाला. उडवायचं त्याला थोडंच होतं!

दोन वर्षं तो शेठच्या शेडमध्ये राबला. जुनं इंजिन उतरवून नवं चढवलं, तारा बदलल्या, पंखांचा पत्रा बदलला. गेल्या महिन्यात शेठनं परदेशातून नवे काटे मागवले, तेही बसवले. काळ्या तबकड्यांवरचे ते पांढरे आकडे बघून सावळीरामचा जीव सुपाएवढा झाला. सगळी सरकारी कागदपत्रं आली, शिक्के बसले, आणि शेठनं चारचौघांत जाहीर केलं, "खंडेनवमीला पहिली फेरी. मिस्तरी, तुम्ही माझ्या शेजारी. मी शिकलो त्या क्लबात रिवाजच होता, ज्यानं जोडलं त्यानं पहिल्या उड्डाणाला बसायचं."

चांगुणा तिथंच उभी होती. तिनं अशा कौतुकानं नवऱ्याकडं पाहिलं की त्याच्या तोंडून "हो" निघून गेलं.

मग सुरू झाली त्याची तडफड. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. जेवण गोड लागेना. पाऊस यावा म्हणून त्यानं देवाला साकडं घातलं, ताप यावा म्हणून गार पाण्यानं अंघोळी केल्या. पाऊसही आला नाही आणि तापही आला नाही. मेल्या शरीराला कधी नाही ती तब्येत लाभली होती.

खंडेनवमीचा दिवस उजाडला तो लख्ख. शेठच्या कारखान्यातली यंत्रं, ट्रॅक्टर, मोटारी, सगळ्यांना झेंडूच्या माळा चढल्या. दोन हजार चार साल होतं, पण खंडेनवमीला यंत्राची पूजा केल्याशिवाय आमच्याकडं पान्यालाही कुणी हात लावत नाही. विमानाची पूजा चांगुणाकडं होती. सावळीरामनं बजावलं, "पंख्याला माळ घालायची नाय. पुढच्या पंख्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाय." तेवढं बोलून तो शेडच्या सावलीला जाऊन उभा राहिला. चांगुणा ताट घेऊन विमानाभोवती फिरत होती, चाकाला, दाराला, पंखाखाली बोट टेकवत होती. त्याचं लक्ष वर आभाळात. एवढं उंच आभाळ त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

आता त्याची एक सवय सांगतो. उड्डाणाआधी तपासायच्या बावीस गोष्टींचा एक कागद असतो. ओझरच्या कारखान्यात लोक तो बसल्या जागी भरायचे. सावळीराम नाही. तो प्रत्येक जागेला हात लावायचा आणि मगच खूण करायचा. त्या दिवशीही पहाटे त्यानं सगळ्याला हात लावला होता. पण पूजा झाली, दहा माणसांचे हात विमानाला लागले, म्हणजे पुन्हा एकदा फिरायला हवं होतं. त्याला ते कळत होतं. पण पाय उचलेनात. गुडघे असे लटपटत होते की चार पावलं टाकली असती तर सगळ्यांनी पाहिलं असतं. त्यानं सावलीत उभ्याउभ्या बावीस खुणा केल्या आणि खाली सही ठोकली.

मग तो विमानात बसला. पट्टा आवळला, डोळे गच्च मिटले.

इंजिन सुरू झालं. माळावरच्या धावपट्टीवरून विमान धावायला लागलं, खडखडाट वाढत गेला आणि एकाएकी थांबला. चाकं जमिनीवरून सुटली होती. सावळीराम सप्तशृंगीचं नाव घ्यायला गेला तर ते ओठांवर येईना.

"मिस्तरी, डोळे उघडा! रामशेजचा किल्ला बघा, पायाखाली आलाय!" शेठ पोरासारखे ओरडत होते.

"बघतो, बघतो," हा डोळे मिटूनच म्हणाला.

दोन-चार मिनिटं बरी गेली. मग शेठचा आवाज बदलला.

"सव्वाशे? अहो, चढताना पंचाहत्तर मैल पाहिजे वेग. एवढा कसा?"

शेठनं वेग कमी करायला विमानाचं नाक वर उचललं. पाठ सीटला टेकली ते सावळीरामला कळलं.

"एकशे चाळीस! अरे, नाक वर केलं तर अजून वाढतोय! मिस्तरी, काय बसवलंय तुम्ही हे?"

काटा सावळीरामनंच बसवला होता. त्याच्या मागची रबरी नळीही त्यानंच जोडली होती. चुकलं काय? कुठं सैल राहिलं? एकतीस वर्षांत चुकलो नाही आणि आज चुकलो, तेही स्वतः बसलेलो असताना? आपण मरणार, शेठ मरणार, आणि लोक म्हणणार मिस्तरीनं मारलं.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

डाव्या पंखाच्या कडेला एक साधी शिट्टी असते. विमान फार हळू झालं, आता वाऱ्यावर टिकणार नाही, असं झालं की ती आपोआप वाजते. आधी बारीक, मग रडल्यासारखी. सावळीरामचे डोळे मिटलेले होते, पण कान उघडे होते. आणि इंजिनही त्याला ऐकू येत होतं, चढावर अडकलेल्या बैलगाडीसारखं कण्हत होतं.

"ही शिट्टी पण बिघडली वाटतं!" शेठ ओरडले.

सावळीरामनं डोळे उघडले. समोर जमीन नव्हतीच, नुसतं आभाळ. काटा दीडशेवर होता. शिट्टी म्हणत होती विमान हळू आहे, काटा म्हणत होता फार जोरात आहे. दोघांतलं एक खोटं. शिट्टीला ना नळी ना जोड, ती वाऱ्यानं वाजते. तिला खोटं बोलायला जागाच कुठं आहे?

"शेठ, नाक खाली घ्या."

"वेडे झालात का? दीडशे झालाय! खाली घेतलं तर पंख तुटून पडतील!"

"काटा खोटा हाय! खाली घ्या म्हणतो ना!"

शेठची नजर काट्यावरून हटेना. हात दांड्यावर थिजलेले. शिट्टीचा आवाज वाढला, विमान अंगात आल्यासारखं थरथरायला लागलं. सावळीरामनं डोक्यावरची पांढरी टोपी काढली, त्या तबकडीवर दाबून धरली, आणि दुसऱ्या हातानं आपल्यापुढचा दांडा पुढं रेटला. जन्मात पहिल्यांदा त्यानं उडत्या विमानाच्या दांड्याला हात लावला होता.

समोर आभाळाच्या जागी द्राक्षांचे मळे आले, भराभर मोठे व्हायला लागले. मग शिट्टी थांबली. इंजिनाचं कण्हणं गेलं.

"आता दांडा मागं घ्या हळूहळू. नाक त्या डोंगराच्या रेषेवर ठेवा," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा वाटला. "हां. असंच."

विमान सरळ झालं. शेठचा चेहरा घामानं निथळत होता. सावळीरामनं टोपी जराशी उचलून पाहिलं. खाली आल्याबरोबर काटा ऐंशीवर पडला होता. वर गेलं की चढतो, खाली आलं की पडतो. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वेगाच्या काट्याला वारा मिळतो तो पंखाखालच्या बोटाएवढ्या नळीतून. तिचं तोंड पुढं, वारा शिरेल असं. ते तोंड बुजलं की आत हवा कोंडते, आणि मग काटा वेग दाखवायचं सोडून उंचीप्रमाणं वरखाली नाचतो. ओझरला नव्या पोरांना हे त्यानंच शिकवलेलं.

पण नळी बुजली कशानं? पहाटे तिच्यावरची झाकायची लाल पिशवी त्यानं स्वतः काढली होती. तेव्हा भोक साफ होतं.

आणि मग त्याला पंखाखाली बोट टेकवणारी चांगुणा आठवली. ताटात वणीच्या गडावरून आणलेला शेंदूर होता, तेलात कालवलेला. पंख्याला हात लावू नको म्हणून बजावलेलं, मग तिनं बिचारीनं त्या नळीला टिळा लावला. शेंदूर आधी तोंडाशीच असेल, म्हणून निघताना काटा चालला. पुढं वाऱ्यानं तो आत ढकलला. तिनं लावलं खरं, पण बघायचं कुणी होतं?

"मिस्तरी, उतरू कसा?" शेठ म्हणाले. त्यांची बोबडी वळली होती. "वेग कळल्याशिवाय उतरायचं कसं? हळू झालो तर पडेन, जोरात गेलो तर पट्टी संपेल."

सावळीरामला रडावंसं वाटत होतं. उडवायचं त्याला काय ठाऊक? पण एकतीस वर्षं त्यानं ओझरच्या शेडमध्ये बसून विमानं उतरताना ऐकली होती. कानांना ठाऊक होतं.

"काट्याकडं बघूच नका," त्यानं टोपी पुन्हा दाबून बसवली. "इंजिन मी ऐकतो. जरा कमी करा. अजून. बास, इथंच ठेवा. आता नाक पट्टीच्या तोंडावर."

"शिट्टी वाजली तर?"

"आत्ता वाजली तर नाक खाली. जमिनीपासून हातभर उरलो की वाजूद्या. तिथं वाजायलाच पाहिजे."

शेठ सांगितलं तेवढं करत होते. लिंबाची झाडं खालून सरकली. पट्टी समोर आली, अरुंद, पाटीवरच्या रेघेएवढी. सावळीरामला डोळे मिटायचे होते, मिटता येत नव्हते. मिटले तर सांगणार कोण?

"आता इंजिन बंद. नाक जरा वर... जरा वर..."

शिट्टी वाजली आणि चाकं धाडकन टेकली. विमान एकदा उसळलं, पुन्हा आपटलं, आणि खडखडत, धूळ उडवत पट्टीच्या शेवटाला जाऊन थांबलं.

पंखा थांबला. मग सावळीराम उतरला, खिशातली बारीक तार काढली आणि सरळ पंखाखाली गेला. नळीत तार घातली, बाहेर काढली. टोकाला तांबडा गोळा.

एव्हाना चांगुणा धावत आली होती. तिनं तारेकडं पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडं. बोट अजून शेंदरी होतं. बाई शहाणी होती, तिला सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला.

"मला ते नाक वाटलं हो त्याचं," ती कशीबशी म्हणाली.

मागं शेठ येऊन उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. दिंडोरीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज होता त्यांचा, साऱ्या कारखान्याला ठाऊक. सावळीराम मध्ये आला.

"शेठ, तिला काय बोलू नका. लावणं तिचं काम, बघणं माझं. मी सही केली ती तिथून, सावलीतून. फिरलोच नाय. पाय उचलत नव्हते."

"का? काय झालं होतं पायांना?"

सावळीरामनं चांगुणाकडं पाहिलं. मग खाली मातीकडं.

"भीती. मी विमानात कधी बसलोच नव्हतो. ओझरलासुद्धा नाय. मला लय भीती वाटती, शेठ. पहिल्यापासून. आज भीतीनं बघितलं नाय म्हणून तुमचा जीव जात होता."

चांगुणा तोंडाला पदर लावून उभी राहिली. कारखान्यातली माणसं लांबून बघत होती. शेठ त्याच्याकडं असे बघत राहिले की जणू हा माणूस त्यांना आजच भेटला होता.

"तुम्ही घाबरला होता?" ते म्हणाले. "मग वर बोलत कोण होतं?"

सावळीराम पंखाच्या सावलीत मातीत बसला आणि सगळ्यांदेखत, साठीचा माणूस, हमसून हमसून रडायला लागला. चांगुणा त्याला सावरायला वाकली, तर शेठनं हातानंच तिला थांबवलं. आपली पांढरी पॅन्ट सावरत ते त्याच्या शेजारी खाली बसले.

"रडा, मिस्तरी, रडून घ्या," ते हळूच म्हणाले. "मला तर वरच रडू येत होतं. तुम्ही एवढे धीराचे, म्हणून लाजेनं थांबलो."