पेर्लचं सुतक

नुखेमने एक ठेंगणं स्टूल भिंतीशी सरकवलं आणि दुसरं बायकोपुढे ठेवलं.

"बस."

"मी नाही बसणार," ब्रायना म्हणाली आणि बीटचं सूप ढवळत राहिली.

काल त्यांच्या पेर्लने चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊन नावाड्याच्या व्हिन्सेंतीशी लग्न केलं होतं. ज्यू घरातली मुलगी अशी गेली की ती मेलीच. आईबापांनी अंगावरचा कपडा फाडायचा, सात दिवस ठेंगण्या स्टुलावर सुतकाला बसायचं आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. त्यातून नुखेम सिनेगॉगचा राखणदार. अख्ख्या गावाचं लक्ष त्याच्या सदऱ्याकडे लागलं होतं.

"नदीपलीकडे तर गेलीय," ब्रायना म्हणाली. "तिच्या चुलीचा धूर दिसतो मला इथून. तिला मेली कशी म्हणू हो?"

"लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. पोर काय लोकांनी वाढवली?"

तेवढ्यात शेजारचे मोतेलकाका दारात आले.

"नुखेम, कपडा फाडला नाहीस ना अजून? मग चल आधी. वॉर्साचे पाहुणे आलेत बोटीने, पडदा बघायचाय म्हणतात. एकदा बसलास की आठवडाभर कुलूप!"

नुखेमने किल्ल्या घेतल्या. हात पुसत ब्रायनाही मागोमाग निघाली.

पाहुणे म्हणजे एक नवराबायको. धर्मग्रंथांच्या कपाटावरचा पडदा नुखेमने त्यांना दाखवला. जांभळी मखमल, त्यावर जरीचे दोन सिंह. एरवी ही गोष्ट सांगताना त्याला चेव चढायचा. आज त्याने पाठ केल्यासारखी म्हणून टाकली.

"एस्तेरका, आमच्या एका शिंप्याची पोर. राजा काझिमिर तिच्यावर भाळला, तिला किल्ल्यावर घेऊन गेला. मुलगे झाले तर राजाचे, मुली झाल्या तर तिच्या, असं ठरलं. मुली ज्यू म्हणून वाढल्या. हा पडदा तिने स्वतःच्या हाताने भरला आणि आमच्या सिनेगॉगला दिला."

"किती सुंदर!" पाहुणी म्हणाली. "आणि तिच्या आईवडिलांचं काय झालं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक जरीचं विचारत, राजाचं विचारत. नुखेमलाही त्या शिंप्याची कधी आठवण झाली नव्हती. आज मात्र तो माणूस त्याला घरच्यासारखा ओळखीचा वाटला.

"बाप सुतकाला बसला," तो म्हणाला. "सात दिवस. आमच्यात तशी रीत आहे."

"अरेरे! आणि मग?"

रीत तिथेच संपत होती.

"मग आठव्या दिवशी तिची आई किल्ल्यावर गेली," ब्रायना दारातून म्हणाली. "लेकीला भेटायला. नाहीतर हा पडदा इथवर आणला कुणी? राजा काय खांद्यावर टाकून आला?"

पाहुणी खळखळून हसली. मोतेलकाका मात्र खाकरले.

"हे काय नवीनच! नुखेम, गोष्टीत हे कधी होतं?"

सगळे नुखेमकडे बघू लागले. त्याने पडद्याची चुणी सारखी केली, खरं तर ती सारखीच होती.

"होतं," तो म्हणाला. "मीच गाळत होतो."

दोघं घरी आली. नुखेम स्टुलावर बसला, सदऱ्याच्या गळ्याला त्याने सुरी लावली आणि जोर लावून कापड टरकावलं. मग त्याला रडू आवरेना. चांगला हमसून हमसून रडला.

ब्रायनाने सूप उतरवलं. सुरी त्याच्या हातातून घेऊन तिने आपल्याही गळ्याशी कापड फाडलं आणि त्याच्याजवळ बसली.

"सात दिवस बसते," ती म्हणाली. "आठव्या दिवशी मी होडीत असेन."

नुखेमने बाहीने नाक पुसलं.

"शाल घे," तो म्हणाला. "पाण्यावर वारा असतो."