जिवंत माणसाचं नाव

लहानूनं चंपतचं नाव घेणं सोडलं तेव्हा दोघंही चौदा वर्षांचे होते. गोळीबार चौकामागच्या विणकरांच्या गल्लीत लहानूचे वडील नानाजी जगन्नाथपुरीहून परतले, देवाचा वाळवलेला भात घेऊन आले, आणि या दोन पोरांनी तो सगळ्या गल्लीदेखत एकमेकांच्या तोंडात घातला. त्या दिवसापासून ते एकमेकांचे महाप्रसाद झाले. एकाची आई ती दुसऱ्याची आई, एकाची बहीण ती दुसऱ्याची बहीण. एकमेकांना हाक मारायची ती महाप्रसाद म्हणूनच. नाव एकदाच घ्यायचं, दुसरा मेल्यावर. जिवंतपणी चारचौघांत घेतलं, तर ज्याचं घेतलं तो माणूस घेणाऱ्याच्या घराला मेला. घरच्यांनी त्याच्या नावानं अंघोळ करायची, आणि त्याला पुन्हा उंबरठा नाही.

चंपतला आईबाप नव्हते. तो लहानूच्या आईच्या, बायजाबाईंच्या, हातचं जेवून मोठा झाला. दोघांचे माग शेजारी होते. चौकात खडी गंमतीचा नाचगाण्याचा खेळ उभा राहिला की लहानू शाहीर, आणि लांब केसांचा चंपत लुगडं नेसून नायिका. सव्वीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न नव्हतं. "याले पोरगी कोण देईल गा? हाच पोरगी हाय," असं गल्ली म्हणायची.

एकाहत्तर सालच्या राखीला लहानूच्या बहिणीनं, अठरा वर्षांच्या पंचफुलानं, भावाला राखी बांधली आणि ताट उचललं.

"महाप्रसादाले नाही बांधत काय वं?" बायजाबाईंनी विचारलं.

"सरल्या," ती म्हणाली. ताटात एक राखी होती. चंपत मान खाली घालून बसला होता. लहानूनं दोघांकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी मागावर त्यानं विचारलं, तेव्हा चंपतनं हातातला धोटा खाली ठेवला.

"खोटं नाही बोलत. मले दुसरी नको. तिलेबी दुसरा नको."

"बहीण हाय ते तुही!"

"म्हणून तं सांगून राहिलो. बोटबी नाही लावलं आम्ही एकमेकाले. तू माह्यं नाव घे. चारचौघांत घे. मंग मी परका. उंबरठा नाही राहत, पण परक्याले दुसऱ्याच्या तोंडून पोरगी मागता येते."

"तूच घे न माह्यं."

"माह्या घरी मी एकटा. तुह्या नावानं अंघोळ कोण करन? माह्या नावानं ते तुह्या मायनंच करायची हाय, अन् तिनं करावी तं तूच बोलाले पाहिजे."

"अन् मंग गंमतीत सवाल कोणाले टाकू? तुह्या भुताले?"

चंपत हसला नाही. लहानूनं त्याला शब्द दिला. तान्ह्या पोळ्याच्या गंमतीत, सगळ्यांसमोर नाव घेईन.

पोळ्याच्या त्या दुपारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पुढं निघून गेली आणि चौकातली माणसं गंमतीपाशी येऊन थांबली. घरून निघताना पंचफुला दारात उभी होती. "दादा, होईल न तुह्यानं?" एवढंच तिनं विचारलं होतं. शेवटचा सवाल चंपतनं टाकला आणि तो लहानूकडे पाहत उभा राहिला. ढोलकी थांबली. नाव लहानूच्या गळ्यापर्यंत आलं. त्या घटकेला बहिणीचा विचार त्याच्या मनात आला नाही. आला तो एवढाच, की उद्यापासून शेजारचा माग बंद असेल. त्यानं जवाबाची ओळ गायली. ढोलकीनं ती उचलली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि चंपत शेवटपर्यंत नाचला. एकही पाऊल चुकलं नाही.

नंतर त्यानं पुन्हा विचारलं नाही. तो रोज मागावर यायचा, जेवायला यायचा. पंचफुला त्याला वाढायची नाही. माघात उमरेडच्या आनंदरावांशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा मांडवाचे बांबू चंपतनंच पुरले.

होमाच्या वेळी भटजींनी मुलीच्या भावाला बोलावलं. नवरीच्या ओंजळीत भावानं लाह्या घालायच्या असतात.

"दोघंबी या गा," नानाजी म्हणाले. "महाप्रसाद दोन महिन्यांनी मोठा हाय, पयले त्यानं घालाव्या."

चंपत पाण्याची घागर ठेवून आला. सुपातल्या लाह्या त्यानं मुठीत घेतल्या. त्याचा हात स्थिर होता. पंचफुलाची ओंजळ मात्र इतकी थरथरत होती, की पहिल्या लाह्या जमिनीवर सांडल्या. चंपतनं दुसरी मूठ भरली.

"चंपत!" लहानू ओरडला. "चंपत, राहू दे गा!"

त्याला फक्त तो हात थांबवायचा होता. तोंडून काय गेलं, हे त्याला गल्लीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले तेव्हा समजलं. मांडवाबाहेर बँड वाजतच होता.

चंपतनं मूठ सुपात रिकामी केली. हात धोतराला पुसले. "आता घेतलं काय नाव?" तो हळूच म्हणाला. "पाच महिने झाले गा, लहानू."

तो बायजाबाईंच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागं ओढून घेतले. रीतच तशी होती. त्यांचे डोळे मात्र तो मांडवाबाहेर पडून, चौकाकडे वळून दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पाठीवर होते. मग त्या उठल्या, मोरीवर जाऊन बसल्या, आणि शेजारच्या कांताबाईंनी त्यांच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतली.

"कोण गेलं?" उमरेडच्या पाहुण्यांनी विचारलं.

"आमच्या घरचा पोरगा," नानाजी म्हणाले. "तुम्ही चालू द्या, भटजी."

भटजींनी सूप लहानूपुढं केलं. पंचफुलाची ओंजळ आता थरथरत नव्हती. तिनं ती भावासमोर धरली आणि लाह्या पडेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली.