तोंड रस्त्याकडे

सकाळी उठल्यापासून प्रार्थना आणि जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. या नेमाला बरीच वर्षं झाली, त्यामुळे घरात आता त्याचं कुणाला नवल वाटत नाही. एक मात्र माझ्या ध्यानात आलं आहे. समोरचा माणूस उत्तर देणार नाही हे माहीत असलं की लोक भरभरून बोलतात. शेजारीण आपल्या जावेचं सगळं गाऱ्हाणं नेमकं त्याच वेळी घेऊन येते. म्हणते, "तुमच्यापाशी बोललं की कसं भिंतीपाशी बोलल्यासारखं बरं वाटतं." मी ते कौतुकच समजते.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्या वेळी माझ्याकडे कधी आले नव्हते. त्यांना उत्तर देणारं माणूस लागतं, वाद घालायला.

दर आठवड्याला आम्ही त्यांना आत्याबाईंकडे नेत असू. आत्याबाई त्यांच्या थोरल्या बहीण. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात. हे गाडी चालवायचे, मी शेजारी, आणि मामंजी मागे डाव्या खिडकीशी, दरवाजाच्या वरचं हँडल घट्ट धरून. रस्ता कितीही चांगला असो, ते हँडल सुटायचं नाही. "माझा जीव तुझ्या नवऱ्याच्या हातात आहे, सूनबाई. एक हात तरी माझा असू दे." आणि पुढच्या वळणाला हँडल धरल्या धरल्याच त्यांना डुलकी लागलेली असायची.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. मामंजी उतरले आणि छत्री घ्यायला पाठमोरे झाले. आत्याबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या बोलतात ते सगळ्या जिन्याला कळतं. "अरे, तुझी पँट भिजलीय की मागून!"

जिन्यात दोन-चार माणसं उभी होती. मामंजींनी मागे हात लावून पाहिला आणि तो हात खिशात घातला. "बाटली सांडली असेल," ते म्हणाले. गाडीत बाटली नव्हती.

मी सीटवर हात ठेवला. वरवर नुसतीच गार लागली. तळवा दाबला तेव्हा बोटांमधून पाणी वर आलं.

घरी आल्यावर हे स्वयंपाकघरात हळूच म्हणाले, "या वयात होतं असं कधी कधी. आपण विषय काढायचा नाही." बोलणं मायेचंच होतं. पण दार उघडं होतं, आणि बाहेर वर्तमानपत्राचं पान उलटायचा आवाज एकदम थांबला.

मी म्हटलं, "छपरातून पाणी येत असेल. आधी गाडी तर दाखवू."

आमच्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो गाडीला आधी कान लावतो आणि मग तोंड उघडतो. त्याने गाडी आत घेतली, दरवाजांच्या रबरावर आतून पावडर लावली, खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि नळी सोडली. "पाणी खालून वर न्यायचं असतं, वहिनी. आधी दार, मग काच, शेवटी छप्पर. पहिल्यांदाच वरून ओतलं तर सगळंच भिजतं, मग शिरलं कुठून ते कळायचं कसं?" खूप वेळ तो पाणी मारत होता. पावडरीवर एक ओघळ उमटला नाही. कागद कोरडे.

"बाहेरचं पाणी काही आत येत नाहीये," डॉक्टर हात पुसत म्हणाला. "आतलंच काही सांडतंय का बघा." त्याच्या मनात डबा, बाटली असलंच काहीतरी होतं. मामंजी तिथेच उभे होते. ते भिंतीवरचे टायर बघत राहिले.

त्यानंतर त्यांचा गुडघा दुखायला लागला. पुढच्या आठवड्यातही दुखला. जिना चढताना मात्र दुखत नव्हता. आत्याबाईंचा फोन आला, "रुसलाय का तो?" मी म्हटलं, "नाही हो, गुडघा." तेवढं बोलून मी फोन मामंजींपुढे धरला, तर ते खुणेनेच नको म्हणाले.

त्याच दिवसांत आमच्या फाटकासमोर पाण्याची पाइपलाइन टाकायला रस्ता खणला होता. गाडी वळवायला जागाच नव्हती. हे ती समोरून सरळ आत आणून, तोंड घराकडे करून लावायचे. एरवी असं आमच्याकडे चालत नाही. सासूबाईंना पहाटे दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा गाडी वळवण्यात वेळ गेला, आणि तेव्हापासून मामंजींचा दंडक आहे: गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे. हे कितीही दमून आले तरी मामंजी खिडकीतून ओरडणार, "फिरवून लाव!"

पाऊस रोज पडत होता, आणि मी रोज सीट दाबून बघत होते. कोरडी ठणठणीत.

"बघ," हे एके संध्याकाळी म्हणाले. "पाऊस थांबला नाही, पण बाबा बसले नाहीत, तर सीट कोरडी. आता तूच सांग." हिशेब चुकतोय असं वाटत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं.

मग आत्याबाई तापाने आजारी पडल्याचं कळलं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला सांग, एकदा येऊन जा." खणलेला रस्ता बुजवून झाला होता. ह्यांनी गाडी पुन्हा फिरवून लावली आणि सीटवर घालायला प्लॅस्टिकचं जाड कव्हर आणलं. "सीट खराब होतेय म्हणून आणलंय," असं कुणी विचारलं नसताना मला सांगितलं, आणि ते डिकीत ठेवून दिलं. रात्री पाऊस नव्हता.

सकाळी हे बसने कामावर गेले. मी बाहेर आले तर गाडीचं मागचं दार उघडं होतं. मामंजींनी डिकीतून कव्हर काढून स्वतःच्या हाताने सीटवर अंथरलं होतं. अगदी नीट, कोपरे आत खोचून. आणि त्यावर बसून होते.

"ये," ते म्हणाले. "तुझी अबोल्याची वेळ आहे ना? म्हणूनच बोलतो."

मी दुसऱ्या बाजूने आत जाऊन शेजारी बसले. कव्हर कुरकुरलं.

"मला गाडीत झोप लागते, सूनबाई. उठतो तेव्हा कुठे आहे तेही क्षणभर कळत नाही. तेव्हा कोण काय म्हणतं ते सोड, मलाच शपथेवर सांगता येत नाही. असेलही." ते खिडकीबाहेर बघत होते. "ताई आजारी आहे. तिच्या घरी तिची सून, नातवंडं. त्यांच्या खुर्चीवर मी कसा बसू? कव्हर सोबत घेऊन जाऊ?"

मी कव्हरचा माझ्या बाजूचा कोपरा पुन्हा आत खोचला.

त्यांनी खिशातून खोकल्याची गोळी काढली. ती बोटांतून निसटून कव्हरवर पडली, घरंगळत पुढे गेली, सीटवरून खाली, आणि पुढच्या सीटच्या पायाशी डाव्या बाजूला जाऊन थांबली.

मी त्या गोळीकडे बघत राहिले. आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं आहे आणि एका अंगाला जरा कललेलं आहे. डॉक्टरच्या गॅरेजची फरशी सपाट. आणि खणलेल्या दिवसांत गाडीचं तोंड उलटीकडे होतं. मामंजी बसले नाहीत हे खरं, पण गाडीही त्यांच्या दंडकाप्रमाणे उभी नव्हती.

मी खाली उतरले आणि झाडांना पाणी घालायची नळी आणून त्यांच्या हातात दिली.

"गाडी धुवायची? आत्ता?"

मी मान हलवली. त्यांना हाताला धरून उठवलं, त्यांच्या जागेवर मी बसले आणि बोटाने दाखवलं: आधी दार, मग काच, मग वर.

"तू बोलत असतेस तेव्हा बरं असतं बाई," ते पुटपुटले. "एवढे हातवारे तरी नसतात." पण नळी घेतली. त्यांनी डॉक्टरसारखीच सुरुवात केली, अगदी खालून.

बंद गाडीत पाण्याचा आवाज फार मोठा होतो. दार झालं, काही नाही. काच झाली, काही नाही. मी त्यांच्यासारखं वरचं हँडल धरून बसले होते आणि मनातल्या मनात माझा जप चालू होता. पाणी छपरावर आलं, हळूहळू मागे सरकलं. तिथे अँटेनाचा माशाच्या परासारखा उंचवटा आहे. बराच वेळ तसाच गेला. मग माझ्या बोटांना गार लागलं.

हँडलच्या स्क्रूपाशी एक थेंब फुगत होता. तो मनगटावरून उतरला. दुसरा थेट कव्हरवर पडला, टप्. कापडी सीटने हा आवाज कधीच गिळून टाकला असता. तिसरा, चौथा, मग मोजायला नकोत इतके. माझ्याखाली जिथे खळगा होता तिथे पाणी साचत गेलं. मला उठता आलं असतं. मी मुद्दाम बसून राहिले.

नळी बंद झाली. मी दार उघडून उतरले, त्यांच्याकडे पाठ केली, आणि तशीच उभी राहिले. सुनेने सासऱ्यांसमोर असं उभं राहावं का, असा प्रश्न एरवी पडला असता.

मग त्यांनी आत वाकून हँडलला हात लावल्याचं कळलं. वळून पाहिलं तर ते ओल्या बोटांकडे बघत होते.

"माझं नव्हतं," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "माझं नव्हतं ग ते."

मी कपडे बदलले आणि राहिलेला जप पुरा केला. रोज शेवटी काहीतरी मागते. त्या दिवशी विसरले.

संध्याकाळी हे आले, तेव्हा मामंजी फाटकापाशी नळी घेऊन उभे होते. मला त्यांनी आधीच बजावलं होतं, "तू सांगायचं नाहीस. दिवसभर बोल, पण एवढं नको."

"ये, जरा मागे बैस," ते ह्यांना म्हणाले.

"बाबा, आत्ताच येतोय, कपडे तरी—"

"त्याच कपड्यांत बैस. हँडल धर."

हे माझ्याकडे बघत आत बसले. मामंजींनी सरळ अँटेनावर धार धरली. काचेतून मला ह्यांचा चेहरा दिसत होता. आधी वैतागलेला, मग वर हँडलकडे बघणारा, मग खाली. पाणी बंद झाल्यावरही हे लगेच उतरले नाहीत. उतरले तेव्हा मागून चांगलेच भिजले होते.

"बाबा, मी उगाच—"

"असू दे," मामंजी नळी गुंडाळत म्हणाले. "या वयात होतं असं कधी कधी."

ह्यांना हसावं की मान खाली घालावी कळेना. दोन्ही केलं. मग आत वाकून सीटवरचं कव्हर स्वतःच काढलं, झटकलं आणि विचारलं, "हे कुठे टाकू?"

"टाकतोस कशाला? गाडी डॉक्टरकडे न्यायचीय. अँटेनावर बांधू तोवर."

अँटेनाखालचं रबर चिरलं होतं, असं डॉक्टरने नंतर दाखवलं. सपाट जागी तिथलं पाणी मागच्या काचेलगतच्या पोकळ खांबातून बाहेर निघून जायचं. तोंड उताराला असलं की छताच्या कापडावरून पुढे यायचं. "ही गाडी अशी उभी असते हे मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मामंजींनी आत येऊन फोन लावला. आत्याबाईंना ऐकू जावं म्हणून ते ओरडतच बोलतात.

"ताई! उद्या येतोय!... हो, हो, गुडघा बरा आहे!" मग त्यांचं बोलणं ऐकून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं हो, कोरडा येतोय!"